विचारा, सांगते : नळीत राहिलेली हवा

या महिन्याच्या टपालात निरनिराळ्या गावांहून आलेली पाच पत्रं होती. लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण पाचही पत्रांचं मूळ एकच निघालं: द्रवात विरघळलेला ऑक्सिजन. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं एनएमआर यंत्र, म्हणजे चुंबकात ठेवलेल्या अणुकेंद्रांचे सिग्नल टिपून रेणू ओळखणारं यंत्र, चालवलं. या एका वायूने मला जितकं शिकवलं आणि जितकं रडवलं, तितकं दुसऱ्या कशाने नाही. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे टेबलावर बसणारं ६० मेगाहर्ट्झचं छोटं एनएमआर यंत्र आलं आहे. त्यावर बेंझीनचा टी-वन, म्हणजे पल्सनंतर प्रोटॉन मूळ स्थितीत परतण्याचा काळ, मोजला. पुस्तकात १९ सेकंद दिलेत, मला तीन वेळा मोजून २.९, ३.० आणि ३.० आले. पल्स चुकत असेल असं सर म्हणाले, म्हणून पल्स पुन्हा लावला. तरी तेच. पाण्याचं मात्र पुस्तकात ३.६ आणि मला ३.०, म्हणजे बरंच जवळ. बेंझीनचंच काय बिघडतंय?

उत्तर : बिघडलेलं काहीच नाही. तीनदा मोजून तीनदा तेच आलं, म्हणजे तुझा हात स्थिर आहे आणि यंत्रही ठीक आहे. तू मोजलेस ते बेंझीन आणि हवा यांचे मिळून तीन सेकंद. पुस्तकातले १९ सेकंद हवा काढून टाकलेल्या बेंझीनचे आहेत. बऱ्याच पुस्तकांत हे तक्त्याखाली बारीक अक्षरांत असतं, काहींत नसतंच.

आता हे होतं कसं ते पाहू. रेडिओ लहरींचा पल्स देऊन आपण प्रोटॉनचे स्पिन, म्हणजे त्यांचे इवले चुंबक, उलटे करतो. ते मूळ स्थितीत परतणं म्हणजे शिथिलन. ते आपापले परत येत नाहीत. त्यांच्याजवळ चुंबकीय क्षेत्र योग्य गतीने हलत राहिलं, तरच त्यांना आपली ऊर्जा भोवतालच्या रेणूंना देता येते. बेंझीनमध्ये हे क्षेत्र पुरवायला शेजारचे प्रोटॉनच असतात. प्रोटॉनचा चुंबक मुळात दुबळा, त्यात बेंझीनचा रेणू इतक्या वेगाने गरगरतो की त्याचा धक्का धड लागतच नाही. म्हणून १९ सेकंद.

ऑक्सिजनच्या रेणूत मात्र जोडीदार नसलेले दोन इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचा चुंबक प्रोटॉनच्या ६५८ पट जोरकस. शिथिलनाचा वेग या जोराच्या वर्गावर ठरतो, आणि ६५८ चा वर्ग होतो सव्वाचार लाखांच्या वर. असा रेणू बेंझीनच्या अगदी जवळून नुसता गेला तरी पुरतो. उघड्या हवेत ठेवलेल्या बेंझीनमध्ये साधारण सहा हजार रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू असतो. तेवढ्या एकाने तुझे १९ सेकंद ३ वर आणले.

मग पाण्याला एवढा फटका का बसला नाही? इथे टी-वन बाजूला ठेव आणि त्याचे व्यस्त घे, कारण बेरीज वेगांची होते, सेकंदांची नाही. बेंझीनचा स्वतःचा वेग १ भागिले १९, म्हणजे ०.०५. तुझा मोजलेला वेग १ भागिले ३, म्हणजे ०.३३. मधले ०.२८ ऑक्सिजनचे. तुझ्या नळीत जे शिथिलन चाललं होतं त्याच्या सहा भागांतले पाच भाग हवेने केले होते! पाण्याचा स्वतःचा वेग ०.२८ आणि मोजलेला ०.३३, म्हणजे ऑक्सिजनचा वाटा फक्त ०.०५. एक तर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो कमी. २५ अंशांना लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, म्हणजे पाण्याच्या सुमारे दोन लाख रेणूंमागे एक. लिटरमागे मोजलं तर बेंझीनमध्ये त्याच्या सहा-सात पट. दुसरं म्हणजे पाणी मुळातच बऱ्यापैकी लवकर शिथिल होतं, त्यामुळे वरून पडलेली थोडी भर झाकून जाते. जो प्रोटॉन स्वतःहून सावकाश परततो, त्यालाच ऑक्सिजनचा हात सगळ्यात जास्त लागतो.

या बाबतीत मोठमोठी माणसंही सुटली नाहीत. ब्लोएमबर्गेन, पर्सेल आणि पाउंड यांचा शिथिलनावरचा १९४८ चा शोधनिबंध आजही या विषयाचा पाया आहे. त्यात पाण्याचा टी-वन २.३ सेकंद दिला आहे. पुढे १९५४ मध्ये इटलीतल्या पाव्हियाच्या कियारोत्ती आणि जुलोत्तो यांनी पाण्यातली हवा काढून मोजमाप केलं आणि आकडा वर गेला. आज २५ अंशांना शुद्ध, हवारहित पाण्यासाठी आपण ३.६ धरतो. तू जिथे अडकलीस तिथे कोण कोण अडकलं होतं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आणि एक खड्डा आधीच दाखवून ठेवते, कारण त्यात मी पडले आहे. हवा काढल्यावर तू पुन्हा मोजशील, तेव्हा दोन मोजण्यांमधली विश्रांतीही वाढव. तीन सेकंदांसाठी तू १५ सेकंद थांबत असशील, पाचपट, ते बरोबर होतं. एकोणीस सेकंदांना पाचपट म्हणजे ९५, तेव्हा सरळ १०० सेकंद थांब. जुनीच १५ सेकंदांची विश्रांती ठेवलीस तर स्पिन पुरते परतण्याआधीच पुढचा पल्स बसेल, आकडा पुन्हा खोटा येईल आणि तू हवेला दोष देत बसशील. पटकन पडताळायचं असेल तर उलटा सिग्नल शून्यातून कधी जातो ते बघ. टी-वनच्या ०.६९ पटीला तो शून्य होतो. हवेसह २.१ सेकंदांच्या आसपास, हवेविना १३ च्या आसपास. हा फरक डोळ्यांनीच दिसतो, आलेख जुळवायचीही गरज नाही.

बेंझीन मात्र फ्यूम हूडमध्येच ओत, हातमोजे घालून. त्याने कर्करोग होतो. आमच्या पिढीने त्याने हात धुतले आहेत, तुम्ही तसं करू नका.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यात बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो असं मुलांना सांगतो, पण फळ्यावर दोन ऑक्सिजनमध्ये दुहेरी बंध काढला की सगळे इलेक्ट्रॉन जोडीत दिसतात. एका मुलीने विचारलं, "सर, मग चुंबक कुठून आला?" मला समाधानकारक उत्तर देता आलं नाही.

उत्तर : सर, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. तिने नेमकं ते चित्र जिथे तोकडं पडतं तिथे बोट ठेवलं आहे. ठिपके आणि रेघांच्या चित्राला हे दाखवताच येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूच्या कक्षकांत भरावे लागतात. दोन्ही अणूंचे मिळून बाहेरचे बारा इलेक्ट्रॉन खालून वर भरत गेलो की शेवटचे दोन उरतात, आणि त्यांच्यासमोर सारख्याच ऊर्जेचे दोन रिकामे कक्षक येतात. हुंडचा नियम तुम्ही शिकवताच: जागा असताना इलेक्ट्रॉन एकाच खोलीत दाटी करत नाहीत, वेगवेगळ्या खोल्यांत एकाच दिशेने तोंड करून बसतात. ते दोघे म्हणजे तुमच्या मुलीचा चुंबक. १९२९ मध्ये लेनार्ड-जोन्स यांनी हे स्पष्टीकरण मांडलं. नायट्रोजनला दोन इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे ते दोन कक्षक रिकामेच राहतात आणि सगळ्या जोड्या पुऱ्या होतात. म्हणूनच आम्ही नळीतला ऑक्सिजन हाकलायला नायट्रोजन वापरू शकतो. तो मागे राहिला तरी स्पिनला त्याचा उपद्रव नाही.

ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो हे तर या स्पष्टीकरणाच्या कितीतरी आधी दिसलं होतं. फॅरेडेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते दाखवलं आणि ड्युअरने १८९१ मध्ये द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांना चिकटवून दाखवला. उणे १८३ अंशांचा तो फिकट निळा द्रव दोन ध्रुवांमध्ये पुलासारखा लटकून राहतो. शाळेत हे करायला जाऊ नका, धोक्याचं आहे. या प्रयोगाचे व्हिडिओ मिळतात, ते वर्गात लावा.

प्रश्न : मी पीएच.डी. करते. रेणूतले कोणते दोन प्रोटॉन जवळ आहेत हे पाहायला एनओई घेते. गाईड म्हणतात की दर वेळी नमुना डीगॅस कर, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढ. सोबतची मुलं म्हणतात, वेळ वाया घालवू नकोस. खरंच दर वेळी गरज असते का? आणि घरच्यासारखं समजावून सांगा, ते नीट करायचं कसं?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात: दर वेळी नाही. नेहमीच्या स्पेक्ट्रमला, रेषा मोजायला, क्षेत्रफळ काढायला हवा चालते. ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन-स्पिन स्वतःच काही पिकोसेकंदांत पलटी मारतो, त्यामुळे रेषा रुंद होण्याचं प्रमाण हर्ट्झच्या दहाव्या भागाइतकं असतं. ते तुला दिसणारही नाही. लहान रेणू, पातळ सॉल्व्हंट, आणि एकमेकांपासून जरा लांबचे प्रोटॉन असले की मात्र गाईडचं ऐक.

कारण एनओई म्हणजे एका प्रोटॉनला छेडल्यावर जवळच्या दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये होणारी वाढ, आणि तो जगतो दोन प्रोटॉन एकमेकांना शिथिल करतात यावर. लहान रेणूत, फक्त दोन प्रोटॉनचा खेळ असेल तर जास्तीत जास्त ५० टक्के वाढ मिळू शकते. तिसरं कोणी शिथिलनात भागीदार झालं की वाढ त्याच्या वाट्याइतकी गळते. जवळच्या जोडीचं आपसातलं शिथिलन जोरात असतं, त्यांना गळती फारशी जाणवत नाही. लांबची जोडी आधीच कमकुवत, तिचा सिग्नल ऑक्सिजन पुसून टाकतो.

हे मला एका झाडाच्या सालीतून काढलेल्या संयुगाने शिकवलं. विद्यार्थिनीला मी खात्रीने सांगितलं होतं की हे दोन प्रोटॉन रेणूच्या विरुद्ध बाजूंना आहेत, कारण एनओई दिसत नाही. तिने त्यावर रचना काढली, सहा आठवडे काम केलं. मग एका रविवारी माझ्या मनाला स्वस्थता नव्हती म्हणून मी नमुना डीगॅस करून पुन्हा लावला. चार टक्क्यांची वाढ, गोंगाटाच्या वर स्वच्छ दिसणारी. दोन्ही प्रोटॉन एकाच बाजूला होते. सोमवारी तिला सांगताना माझा आवाज बसला होता. ती काही बोलली नाही, वही उघडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एनओई दिसला तर जवळीक सिद्ध होते. दिसला नाही तर, आणि नळीत हवा असेल तर, काहीच सिद्ध होत नाही.

आता पद्धत. नायट्रोजन किंवा आर्गॉन बारीक नळीने दहा मिनिटं सोडणं ही सोपी युक्ती आहे, पण ऑक्सिजन पुरता जात नाही आणि क्लोरोफॉर्मसारखं सॉल्व्हंट उडून जातं. एनओईसाठी कधीकधी एवढंही पुरतं. टी-वनसाठी नाही. तिथे फ्रीझ-पंप-थॉच हवं, तेही झडपवाल्या नळीत. नळी लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवायची, झडप उघडून पंपाने वरची हवा ओढायची, झडप बंद करायची, आणि मग वितळू द्यायचं. वितळताना खालच्या द्रवातून बुडबुडे निघतात, तो विरघळलेला वायू. पुन्हा गोठव, पुन्हा ओढ. तीन-चार फेऱ्यांत बुडबुडे थांबतात. ते थांबले की झालं असं समज.

नळी फार भरू नकोस, पाच सेंटिमीटरच्या आसपास पुरे. गोठवताना नळी हळूहळू उतरव, एकदम बुडवू नकोस. पाणी किंवा जड पाणी असेल तर जास्तच जप, गोठताना ते फुगतं आणि नळी उभी चिरते. माझी चिरली आहे, दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांचा नमुना आत असताना. पाण्यासाठी मी पुढे नायट्रोजन सोडणंच पत्करलं. वितळवतानाही हातात धरून ऊब देऊ नकोस. नळी पेल्यात उभी कर, समोर काच किंवा हूडची खिडकी खाली ओढलेली असू दे, आणि चष्मा.

यापुढचं वाक्य दोनदा वाच. लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांना असतं आणि ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, म्हणजे गार केलेली नळी किंवा ट्रॅप (पंपाआधी वाफा पकडणारं गार भांडं) हवेला उघडा राहिला तर हवेतला ऑक्सिजन त्यात द्रव होऊन साठतो. सेंद्रिय सॉल्व्हंटशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. आर्गॉनही उणे १८६ ला द्रव होतो, म्हणून गार नळीत आर्गॉन भरून झडप बंद करायची नाही. वितळताना तो परत वायू होईल आणि नळी फुटेल. मी एकदा ट्रॅपमध्ये निळसर द्रव पाहिला आहे. पंपाचा जोड रात्रभर सैल राहिला होता. आमच्या सरांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं, आणि तो आपोआप उडून जाईपर्यंत कोणालाही आत जाऊ दिलं नाही. तुझ्या ट्रॅपमध्ये निळा रंग दिसला तर ट्रॅपखालचा लिक्विड नायट्रोजनचा थर्मास (ड्युअर) काढायला पुढे होऊ नकोस, बाहेर पड आणि जबाबदार माणसाला बोलाव.

प्रश्न : नाशिकच्या एका एमआरआय केंद्रात मी टेक्निशियन आहे. लहान मुलांना भूल देऊन, ऑक्सिजन लावून तपासणी होते. फ्लेअर या प्रकारच्या एमआरआय चित्रात कधीकधी मेंदूच्या घड्यांमधलं पाणी काळं दिसण्याऐवजी पांढुरकं येतं. त्याच मुलाच्या बाकी चित्रांत काही सापडत नाही. वरिष्ठ म्हणतात की ऑक्सिजनमुळे असेल. हे खरं असू शकतं का?

उत्तर : असू शकतं, आणि तुमच्या नजरेला ते खटकलं हे फार चांगलं झालं. वर कोल्हापूरच्या मुलीला सांगितलेली शून्यातून जाण्याची वेळ इथे पुन्हा आली आहे. फ्लेअरमध्ये आधी सगळे स्पिन उलटवतात आणि मेंदूभोवतालच्या पाण्याचा सिग्नल शून्यावर येण्याच्या क्षणी चित्र घेतात, म्हणून ते पाणी काळं. हा क्षण त्या पाण्याच्या टी-वनवर बेतलेला असतो. पाण्यात ऑक्सिजन वाढला की टी-वन आखडतो, स्पिन शून्य ओलांडून पुढे गेलेले असतात, आणि चित्र पांढुरकं येतं. मेंदूच्या घड्यांत आणि तळाच्या पोकळ्यांत हे दिसतं. मेंदूच्या आतल्या कप्प्यांमधलं (व्हेंट्रिकलमधलं) पाणी बहुधा काळंच राहतं.

रक्तात तर हिमोग्लोबिनच ऑक्सिजन वाहतं, मग विरघळलेला कितीसा वाढणार, असं वाटेल. पण साध्या हवेवरच निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलं असतं. त्यानंतर श्वासात जास्त ऑक्सिजन दिला की तो जातो प्लाझ्मात विरघळायला. शंभर मिलिलिटर रक्तात विरघळलेला ऑक्सिजन एरवी ०.३ मिलिलिटर असतो. शुद्ध ऑक्सिजनवर तो दीड-दोन मिलिलिटरपर्यंत जातो. तिथून तो मेंदूच्या पाण्यात झिरपतो.

हिमोग्लोबिनला बांधलेला ऑक्सिजन मात्र चुंबकच राहत नाही. १९३६ मध्ये पॉलिंग आणि कोरिएल यांनी दाखवलं की ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जात नाही, सोडून दिलेलं ओढलं जातं. त्या फरकावर सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मेंदूचं काम दाखवणारी चित्रं शक्य असल्याचं दाखवलं. एकाच शरीरात एकच वायू, विरघळलेला असला तर पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकाकडे ओढला जाणारा, आणि बांधलेला असला तर नाही. मला याचं आजही नवल वाटतं.

पण पांढुरकं पाणी म्हणजे ऑक्सिजनच, असं तुम्ही ठरवायचं नाही. मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि मेंदूज्वर यांतही ते तसंच दिसतं, आणि तो निर्णय रेडिऑलॉजिस्टचाच. तुमच्या हातात आहे ते एवढं: ऑक्सिजन किती लिटरने आणि किती वेळ दिला, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. ती ओळ नसेल तर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो, आणि ते पाणी तपासायला एखाद्या मुलाच्या पाठीत उगाच सुई जाऊ शकते.

प्रश्न : औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. एनएमआरवर शुद्धतेची टक्केवारी काढतो. त्यासाठी नळीतली हवा काढावी लागेल का?

उत्तर : काढू नका. तुमच्या कामात ती सोबतीला आहे. टक्केवारी बरोबर यायची तर प्रत्येक पल्सनंतर सगळ्यात सावकाश परतणाऱ्या प्रोटॉनच्या टी-वनच्या किमान पाचपट थांबावं लागतं, तेव्हा ९९.३ टक्के सिग्नल परत येतो. हवा आहे म्हणून हा टी-वन लहान आहे आणि तुमचा नमुना तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटांत उरकतो. फक्त हवेसह मोजलेलाच टी-वन धरा, पुस्तकातला नको. सॉल्व्हंट बदललं की तो पुन्हा मोजा. फ्रिजमधून काढलेली नळी लगेच लावू नका, कारण गार द्रवात ऑक्सिजन वेगळ्या प्रमाणात असतो. अर्धा तास रॅकमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आणि संदर्भाची नळी व नमुन्याची नळी एकाच रॅकमध्ये शेजारी शेजारी ठेवा.